जंगम घरांचें मोल

मालमत्तेचे स्थावर आणि जंगम असे दोन भाग मराठी माणसाच्या तोंडीं पूर्वापार बसलेले आहेत. जमीन, विहीर, वाडा हें स्थावर. गुरेंढोरें, भांडींकुंडीं, दागदागिने हें जंगम. घर यांपैकीं कोणत्या सदरांत घालावें हा प्रश्न येथें कोणाच्या स्वप्नांतहि येत नाहीं. घर म्हणजे स्थावराचा मूर्तिमंत नमुना. परंतु अमेरिकेंत सुमारें दोन कोटि माणसें अशा घरांत राहतात कीं, जीं कायद्याच्या दृष्टीनें जन्मतः जंगम असतात. हीं घरें कारखान्यांत तयार होतात, पोलादी सांगाड्यावर आणि चाकांवर बसवून रस्त्यानें ओढीत नेलीं जातात, आणि पुष्कळ राज्यांत त्यांच्या मालकीचा दाखला मोटारगाडीच्या दाखल्यासारखाच असतो. पुढें चाकें निघतात, खालीं विटांचे किंवा सिमेंटचे ठोकळे येतात, पुढल्या दारीं फुलझाडें लागतात, एक पिढी तेथें वाढते. तरी तें घर जमिनीचें झालें कीं गाडीच राहिलें, हा प्रश्न सुटलेला नसतो. तें विकावयाची किंवा गहाण टाकावयाची वेळ आली म्हणजे हा प्रश्न अचानक उभा राहतो. आणि अशा वेळीं घराची ओळख सांगणारे कागद नसले तर त्याचें मोल ठरविणाऱ्याची खरी कसोटी लागते.

हीं घरें निघालीं कशीं तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. पहिल्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्या आणि त्यांच्यामागें जोडून न्यावयाच्या सफरी गाड्या निघाल्या. १९२९ नंतरच्या मंदींत कित्येक कुटुंबांनीं त्याच गाड्यांत कायमचा संसार थाटला. दुसऱ्या महायुद्धांत युद्धसाहित्याच्या कारखान्यांभोंवतीं कामकऱ्यांना निवारा पाहिजे होता, म्हणून सरकारनेंच त्या हजारोंनीं विकत घेतल्या. तोंपर्यंत त्यांची रुंदी आठ फुटांची होती. १९५० नंतरच्या दशकांत विस्कॉन्सिन राज्यांतील एल्मर फ्रे या कारखानदारानें दहा फूट रुंदीचें घर काढलें. ‘मोबाइल होम’ हें नांवहि त्यानेंच रूढ केलें असें मानतात. दोन फुटांनीं काय झालें असें कोणास वाटेल. पण त्या दोन फुटांमुळें खोलीच्या बाजूनें चालावयास वाट मिळाली आणि गाडीचें घर झालें. पुढें बारा फूट, चौदा फूट, आणि दोन भाग शेजारीं जोडून चोवीस फूट असा पसारा वाढत गेला. १९७२ आणि १९७३ या दोन्ही वर्षीं प्रत्येकीं साडेपांच लाखांहून अधिक अशीं घरें कारखान्यांतून बाहेर पडलीं. स्वस्ताई हेंच त्यांचें बळ होतें आणि तेंच त्यांचें व्यंगहि होतें. भिंतींना पातळ लांकडी तक्ते, कांहीं ठिकाणीं विजेसाठीं अ‍ॅल्युमिनियमच्या तारा, आग लागल्यास बाहेर पडावयास अपुरी वाट, आणि वादळांत उलथून पडणारा हलका सांगाडा. तक्रारी इतक्या वाढल्या कीं, १९७४ सालीं अमेरिकेच्या काँग्रेसनें या घरांसाठीं स्वतंत्र कायदा केला. त्या कायद्याखालीं गृहनिर्माण व नगरविकास खात्यानें, म्हणजे तेथील लोक ज्याला ‘हड’ म्हणतात त्या खात्यानें, बांधणीचे नियम ठरविले, आणि ते १५ जून १९७६ या दिवसापासून अमलांत आले. १९८० सालीं कायद्यांतील नांवहि बदलून ‘मॅन्युफॅक्चर्ड होम’, म्हणजे कारखान्यांत बनविलेलें घर, असें करण्यांत आलें. लोकांच्या तोंडीं मात्र जुनेंच नांव राहिलें.

त्या दिवसानंतर कारखान्यांतून निघणाऱ्या प्रत्येक घराला तीन खुणा असाव्या लागतात. पहिली खूण म्हणजे सुमारें दोन इंच बाय चार इंचांची लाल रंगाची धातूची पट्टी. ती घराच्या बाहेरच्या अंगास, ओढून नेतांना जी मागील बाजू असते त्या टोकाला, तळापासून सुमारें एक फूट उंचीवर ठोकलेली असते. तिच्यावर तपासणी करणाऱ्या संस्थेचीं तीन अक्षरें आणि पुढें क्रमांक असतो. घर दोन भागांचें असेल तर पट्ट्याहि दोन. दुसरी खूण कागदाची. तिला ‘डेटा प्लेट’ म्हणतात. स्वयंपाकघरांतील एखाद्या कपाटाच्या आंतल्या बाजूस, विजेच्या पेटीजवळ किंवा निजावयाच्या खोलींतील कपाटांत ती चिकटविलेली असते. कारखान्याचें नांव व पत्ता, घर तयार झाल्याची तारीख, अनुक्रमांक, आंत बसविलेलीं उपकरणें, आणि तें घर किती वाऱ्याला, किती बर्फाला व किती थंडीला पुरें पडेल असें गृहीत धरून बांधलें आहे त्याचे नकाशे, एवढा मजकूर त्या एका कागदावर असतो. तिसरी खूण सर्वांत गुप्त. पोलादी सांगाड्याच्या अगदीं पुढील आडव्या तुळईवर घराचा अनुक्रमांक ठोकून उमटविलेला असतो; त्याचीं अक्षरें निदान तीन-अष्टमांश इंच उंचीचीं असावीं असा नियम आहे. हा अनुक्रमांक आणि लाल पट्टीवरचा क्रमांक हे एकच नव्हेत. या दोहोंचा घोळ घरमालक करतात, दलाल करतात, आणि क्वचित् घाईंत असलेला मूल्यमापकहि करतो.

एवढ्याशा पट्टीला इतकें महत्त्व कां, असें विचारतां येईल. जागेवर बांधलेलें घर पाया खणल्यापासून छप्पर घालीपर्यंत गांवच्या इमारत-निरीक्षकाच्या डोळ्यांसमोर उभें राहतें. भिंत बुजविण्यापूर्वीं तो तारा पाहतो, फरशी घालण्यापूर्वीं नळ पाहतो, आणि त्याची नोंद नगरपालिकेंत राहते. कारखान्यांतील घर मात्र बंद होऊनच गांवांत येतें. त्याच्या भिंतींच्या आंत काय आहे तें गांवच्या निरीक्षकानें कधीं पाहिलेलें नसतें. तें पाहिलें शेंकडों मैल दूर असलेल्या कारखान्यांतील तपासनिसानें, आणि ‘मीं पाहिलें’ एवढेंच सांगण्यासाठीं ती लाल पट्टी ठोकलेली असते. साक्षीदार एकच, तो हरवला म्हणजे घर तसेंच असलें तरी त्याच्याविषयीं बोलणारा कोणी उरत नाहीं.

आणि तो हरवतो अगदीं साध्या कारणांनीं. पत्रा जुना झाला म्हणून मालक घरावर प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचें नवें आवरण घालतो. त्याखालीं पट्टी गडप होते, अथवा कारागीर ती उपटून कचऱ्यांत टाकतो. रंगारी तिच्यावर रंग फासतो. आंतल्या कागदाचें आयुष्य तर याहूनहि अनिश्चित. नवें स्वयंपाकघर करावयाचें म्हणून जुनीं कपाटें निघालीं कीं त्यांच्याबरोबर घराची जन्मपत्रिकाहि जाते. त्यांत कोणाचा दुष्ट हेतु नसतो. उलट, ज्या घरावर मालकाचें प्रेम अधिक, ज्याची डागडुजी अधिक, त्याच घराच्या खुणा नाहींशा झालेल्या असण्याचा संभव अधिक. या व्यवहारांतला हा मोठा विपर्यास म्हटला पाहिजे.

समजा, टेनेसी राज्यांतील एखाद्या लहान गांवाबाहेर, स्वतःच्या अर्ध्या एकर जमिनीवरील अशा दोन भागांच्या घरांत सत्तरी उलटलेली एक विधवा राहते. नवरा असतांना त्यानें घराला नवें आवरण घातलें, स्वयंपाकघर नवें केलें. आतां तिला मुलीजवळ राहावयास जावयाचें आहे आणि घर विकल्यावांचून जातां येत नाहीं. गिऱ्हाईक मिळतें, तें तरुण जोडपें असतें, आणि अर्थात् तें कर्ज काढून घेणार असतें. बँक मूल्यमापकाला पाठविते. या घरांसाठीं त्याला भरावयाचा छापील अहवाल निराळाच असतो, आणि त्यांत पट्टीचा क्रमांक व डेटा प्लेटवरील मजकूर यांसाठीं स्वतंत्र रकाने असतात. तो घराभोंवतीं फिरतो, पट्टी नाहीं. कपाटें उघडून पाहतो, कागद नाहीं. घर स्वच्छ, कोरडें, टापटिपीचें. आणि रकाने रिकामे.

रिकाम्या रकान्याचा परिणाम काय होतो हें बँकेच्या पाठीमागें कोण उभें आहे यावर अवलंबून असतें. अमेरिकेंतील बहुतेक बँका गृहकर्ज स्वतःजवळ ठेवीत नाहींत. तें पुढें विकतात किंवा त्याला सरकारी विम्याचें संरक्षण घेतात. १९३४ सालीं स्थापन झालेलें फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन १५ जून १९७६ पूर्वींच्या अशा घरांवरील कर्जाला विमा देत नाहीं, आणि नंतरच्या घराची पट्टी सांपडत नसेल तर क्रमांकाच्या पडताळणीचें पत्र मागतें. १९३८ सालीं स्थापन झालेली फॅनी मे ही संस्था पट्टी व डेटा प्लेट या दोहोंचा पुरावा किंवा त्यांच्या जागीं चालणारे कागद मागते. त्यांपैकीं एकाचाहि पुरावा न मिळाल्यास तें कर्ज ती घेत नाहीं. म्हणजे कागद नसले तर घराची योग्यता कमी होते असें नव्हे. तें घेऊं शकणारांची संख्या कमी होते. कर्ज काढणारे गेले कीं रोख पैसे मोजणारे तेवढे उरतात, आणि रोख पैसे मोजणारा मनुष्य ते सढळ हातानें मोजतो असा अनुभव कोणत्याच देशांत नाहीं.

अशा प्रसंगीं मूल्यमापकानें प्रथम जो प्रश्न विचारावयाचा तो ‘पट्टी कोठें गेली’ हा नव्हे. ‘पट्टी कधीं होती काय’ हा होय. १९७६ च्या जूनपूर्वीं बांधलेल्या घराला ही लाल पट्टी कधीं नव्हतीच. कांहीं राज्यांनीं त्यापूर्वींहि आपापले नियम करून स्वतःचे बिल्ले लावले होते. पण केंद्र सरकारचा शिक्का त्या घरांवर नाहीं, आणि आतां कोणतीहि संस्था तो देऊं शकत नाहीं. हरवलेली वस्तु शोधतां येते. कधीं नव्हती ती शोधणें व्यर्थ. या ठिकाणीं मालकीच्या दाखल्यावर विसंबणें मोठें धोक्याचें असतें. दाखल्यावर १९७६ असें साल असतें, आणि पाहणाराला वाटतें कीं काम झालें. परंतु गाड्यांप्रमाणेंच या घरांचेंहि ‘मॉडेलचें साल’ निराळें असूं शकतें. १९७६ चें मॉडेल म्हणून विकलेलें घर आदल्या वर्षाच्या शरद् ऋतूंत तयार झालेलें असूं शकेल. तसेंच त्या वर्षीं विक्रेत्याच्या आवारांत उन्हांत उभें असलेलें घर जून महिन्याच्या कोणत्या बाजूला बांधलें तें दाखला सांगत नाहीं. १४ जूनला पुरें झालेलें घर आणि १६ जूनला पुरें झालेलें घर शेजारीं ठेवलीं तर तज्ज्ञालाहि फरक सांगतां येणार नाहीं; पण एकावर कर्ज मिळूं शकेल आणि दुसऱ्यावर मिळणें दुरापास्त. कायद्याला कोठें तरी रेघ ओढावीच लागते. ती आपल्या घराच्या कोणत्या बाजूनें गेली हें ज्याला कळत नाहीं त्याची अवस्था मात्र विलक्षण होते.

पट्टी नसण्याचें आणखी एक कारण असूं शकतें, आणि तें मालकाच्या फायद्याचें असतें. कारखान्यांत खंडशः बांधून जागेवर जोडलेलीं, पण राज्याच्या नेहमींच्या इमारत-नियमांप्रमाणें बांधलेलीं अशीं दुसरीं घरें असतात. त्यांना ‘मॉड्युलर’ म्हणतात. वरून पाहतां तीं जुळ्या भावंडांसारखीं दिसतात. त्यांना हडची पट्टी नसते, कारण ती लागतच नाहीं. राज्याचा बिल्ला असतो, तो पुष्कळदां ओट्याखालच्या कपाटांत सांपडतो. अशा घराचें मूल्यमापन जागेवर बांधलेल्या घरांच्या पंक्तीला बसवून करतां येतें. तेव्हां पट्टी दिसली नाहीं म्हणून लगेच शोक करण्याचें किंवा घराला हीन ठरविण्याचें कारण नाहीं. आधीं घर कोणत्या जातीचें तें पाहावें.

आतां शोध. तो घराच्या खालून सुरू होतो. घराभोंवतीं जो घेर लावलेला असतो त्याची एक फळी काढून, हातदिवा घेऊन कोणाला तरी आंत सरपटत जावें लागतें, आणि ओढावयाचा दांडा ज्या टोकाला होता त्या टोकाची पहिली आडवी तुळई शोधावी लागते. येथें एक चूक नेहमीं होते. लोक दांड्यावरच क्रमांक शोधतात. दांडा काढून नेलेला असला म्हणजे निराश होऊन परततात. वस्तुतः क्रमांक दांड्यावर ठोकूं नये असाच नियम आहे, कारण दांडा सुटा होऊं शकतो. तुळईवरचा गंज तारेच्या कुंच्यानें हलक्या हातानें झाडून वर खडू चोळला म्हणजे खोल गेलेलीं अक्षरें उठून दिसूं लागतात. दोन भागांच्या घरांत पुष्कळदां क्रमांक तोच असून शेवटीं एकाला ए आणि दुसऱ्याला बी असें अक्षर असतें. कधीं असेंहि आढळतें कीं दोन्ही भागांचे क्रमांक एकमेकांशीं जुळतच नाहींत. म्हणजे दोन निरनिराळ्या घरांचे अर्धे अर्धे भाग कोणी तरी जोडलेले असतात. असा शोध लागला तर मूल्यमापकाला तो दडवून ठेवतां येत नाहीं.

घराखालीं सांपडलें नाहीं तर कागदांत शोधावें. मूळ विक्रीची पावती, जुन्या विम्याचा करारनामा, फिटलेल्या कर्जाचे कागद, राज्याच्या कचेरींतील मालकीची नोंद, कौंटीच्या कर-खात्याचें दफ्तर. यांपैकीं एके ठिकाणीं तरी अनुक्रमांक निघण्याचा संभव असतो. नव्या आवरणाची एखादी पट्टी मागच्या कोपऱ्यांत उचलून पाहिली तर खालीं लाल पट्टी सुरक्षित बसलेली आढळते, असेंहि घडतें.

एकदां अनुक्रमांक हातीं आला कीं पुढची वाट मोकळी होते. हडच्या वतीनें ‘इन्स्टिट्यूट फॉर बिल्डिंग टेक्नॉलॉजी अँड सेफ्टी’ नांवाची संस्था या घरांच्या नोंदी सांभाळते. कारखानदाराचें नांव, अनुक्रमांक, घर तयार झाल्याची तारीख अशी माहिती आणि ठराविक फी पाठविली म्हणजे ती दफ्तर पाहते, आणि नोंद सांपडल्यास त्या घराला अमुक क्रमांकाची पट्टी दिली होती असें पत्र देते. नवी पट्टी कोणालाहि मिळत नाहीं. हरवलेल्या पट्टीच्या जागीं हें पत्रच चालतें. डेटा प्लेटवरील माहिती मिळविणें याहून कठीण. कारखाना चालू असेल तर कारखानदाराकडून, अथवा त्या कारखान्याची तपासणी करणाऱ्या संस्थेकडून ती मागवावी लागते. आणि जुन्या घरांचे कारखाने पुष्कळसे बंद पडलेले आहेत.

या कागदाला केवळ बँकेची हौस समजूं नये. २४ ऑगस्ट १९९२ रोजीं अँड्र्यू नांवाचें चक्रीवादळ फ्लॉरिडाच्या दक्षिण भागावर आदळलें आणि होमस्टेड गांवाच्या आसपासचीं अशीं बहुतेक घरें त्यानें चक्काचूर करून टाकलीं. त्या अनर्थानंतर हडनें वाऱ्याविषयींचे नियम कडक केले. जुलै १९९४ पासून देशाचे तीन वायु-विभाग धरून, दुसऱ्या विभागांतील घर ताशीं १०० मैल आणि तिसऱ्या विभागांतील घर ताशीं ११० मैल वेगाच्या वाऱ्याला टिकेल असें बांधण्याचें बंधन घातलें. छपरावरील बर्फाच्या भाराचेहि असेच विभाग आहेत: दक्षिणेस चौरस फुटाला २० पौंड, मध्यभागीं ३०, उत्तरेस ४०. घर कोणत्या विभागासाठीं बांधलें होतें हें सांगणारा तो एक कागद गेला, म्हणजे समुद्रकांठीं उभें असलेलें घर मुळांत आंतल्या प्रदेशासाठीं बांधून नंतर इकडे ओढून आणलेलें आहे काय, याचें उत्तर देणारें कोणी राहत नाहीं. तेथें निजणाऱ्या मुलाबाळांच्या दृष्टीनें हा प्रश्न किंमतीहून मोठा आहे.

कागदहि नाहीं, तुळईहि गंजून गेलेली, अशा ठिकाणीं घराच्या अंगावरूनच त्याचें वय ओळखण्याचा मोह होतो. त्याला साधनेंहि आहेत. शौचकूपाच्या पाण्याच्या टाकीच्या आंतल्या बाजूस ती तयार झाल्याची तारीख पुष्कळदां उमटलेली असते. करड्या रंगाचे पॉलिब्युटिलीनचे नळ १९७० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९९५ च्या सुमारापर्यंत वापरांत होते. अ‍ॅल्युमिनियमच्या तारा बहुधा त्यापूर्वींच्या. परंतु यांतील प्रत्येक साक्ष एकेका वस्तूची आहे, घराची नव्हे. टाकी बदलतां येते, नळ बदलतात. नवी वस्तु जुन्या घरांत बसते आणि जुनी वस्तु भंगारांतून आणून नव्या घरांतहि बसविली जाते. पांच-सात वस्तूंच्या तारखा एकाच सालाभोंवतीं जमल्या तर घर त्या सुमाराचें असावें, एवढें म्हणतां येईल. ‘असावें’ हा शब्द गाळून ‘आहे’ लिहिणें हाच या धंद्यांतला घसरता रस्ता होय. दलाल घड्याळाकडे पाहत असतो, घेणारीं माणसें ताटकळत असतात, म्हातारी आशेनें तोंडाकडे बघत असते. १९७७ असा आकडा रकान्यांत घालून टाकला तर सगळ्यांचेंच समाधान होणार असतें. आणि तें जोडपें पुढील तीस वर्षें त्या आंकड्याचे हप्ते फेडीत राहणार असतें.

असल्या सोयीच्या आंकड्यांनीं काय होतें हें अमेरिकेनें पाहिलेलें आहे. १९८० नंतरच्या दशकांत तेथील शेंकडों बचत-कर्ज संस्था बुडाल्या. फुगविलेलीं मूल्यमापनें हें त्याच्या कारणांपैकीं एक होतें. १९८७ सालीं अप्रेझल फाउंडेशन स्थापन झालें, आणि १९८९ च्या कायद्यानें मूल्यमापकांना परवाने व आचारनियम लागू झाले. त्या नियमांत अशा अडचणीसाठीं एक प्रामाणिक वाट ठेवलेली आहे. जी गोष्ट निश्चित माहीत नाहीं, पण जिच्यावर किंमत अवलंबून आहे, ती ‘असामान्य गृहीत’ म्हणून उघड लिहावयाची, आणि हें गृहीत खोटें ठरल्यास किंमत बदलूं शकेल असें त्याच्याशेजारींच नमूद करावयाचें. ज्याला हें लिहावयाची लाज वाटते त्यानें या घरांच्या वाटेस जाऊं नये.

मग किंमत ठरावी कशी? खालची जमीन भाड्याची कीं स्वतःची, हें पहिलें. भाड्याच्या जागेंतील घर जंगमच राहतें आणि तेथें जागेचें भाडें वाढलें कीं घराचें मोल उतरतें. स्वतःच्या जमिनीवर कायमच्या पायावर बसविलेलें आणि कायद्याप्रमाणें जमिनीशीं एकरूप झाल्याची नोंद असलेलें घर स्थावर म्हणून धरलें जातें; त्यासाठीं गाडीसारखा तो मालकीचा दाखला सरकारजमा करून रद्द करावा लागतो, आणि पुष्कळ घरांच्या बाबतींत हेंच करावयाचें राहून गेलेलें असतें. तुलना करावयाची ती याच जातीच्या घरांच्या विक्रीशीं. शेजारच्या विटांच्या बंगल्याशीं तुलना केल्यास आंकडा गोड येतो, पण तो खरा नसतो. कागद नसल्याबद्दल किती वजा करावें याचें कोष्टक कोठेंहि छापलेलें नाहीं, आणि कोणी दाखविलें तर त्यावर विश्वास ठेवूं नये. त्या भागांत बिनकागदाचीं घरें रोखीनें काय भावानें गेलीं, आणि तशींच कागद असलेलीं घरें काय भावानें गेलीं, हें शोधून काढणें एवढाच उपाय. आणि लहान गांवांत अशा दोन विक्र्या मिळणें म्हणजे नशीबच.

घर १९७६ पूर्वींचें ठरलें तर हिशेब याहून कठोर होतो. जमीन चांगली आणि घर जीर्ण असेल तर घराची किंमत शून्य, आणि तें पाडून वाहून नेण्याचा खर्च जमिनीच्या किंमतींतून वजा, असेंहि मूल्यमापकाला लिहावें लागतें. ज्या घरांत चाळीस-पन्नास वर्षांचा संसार झाला तें घर कागदावर जमिनीवरील ओझें म्हणून उतरतें. मात्र हाहि निर्णय डोळे मिटून घेणें अन्यायाचें. त्या काळांतील सुस्थितींत ठेवलेलें घर अजून कित्येक वर्षें राहण्याजोगें असूं शकतें, रोखीनें घेणारा शेजारी मिळूं शकतो, आणि मिळणारें भाडें हेंहि त्याच्या मोलाचें एक माप असतें. बँक कर्ज देत नाहीं म्हणून वस्तूला मोलच नाहीं, असें समजणारा मूल्यमापक आपलें काम बँकेवर सोंपवून मोकळा होतो.

टेनेसींतील त्या विधवेच्या घराखालीं तिच्या जांवयाला शिरावें लागतें. दुसऱ्या भागाच्या तुळईवर, गंजाखालीं, बीनें संपणारा क्रमांक निघतो. पहिल्या भागाचा निघत नाहीं, पण तेवढ्यावर अर्ज जातो. मूल्यमापक दरम्यान आपल्या अहवालांत दोन्ही रकान्यांपुढें ‘आढळली नाहीं’ असें लिहितो, घर १९७६ नंतरचें धरल्याचें गृहीत उघड मांडतो, आणि किंमत त्या अटीवर देतो. कांहीं दिवसांनीं पत्र येतें: दोन पट्ट्या, दोन क्रमांक, आणि घर तयार झाल्याची तारीख ऑक्टोबर १९७८. डेटा प्लेटवरचा मजकूर तपासणी-संस्थेकडून यावयाचा अजून बाकी असतो, म्हणून बँक विक्रीची तारीख पुढें ढकलते. पत्राची मूळ प्रत बँकेच्या दप्तरांत जाते. एक नक्कल म्हातारी स्वयंपाकघरांतील कपाटाच्या दाराला आंतून चिकटविते, आणि नव्या मालकिणीला कपाट उघडून ती जागा दाखविते.